गारवेलीचा कौल

॥ श्री ॥
१४ जुलै

चि. धाकटीस अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. मागची खोली रिकामी केलीस, भिंतींना रंग दिलास, माझ्या पोथ्यांसाठी सुताराकडून फळ्या ठोकून घेतल्यास, हे वाचून मन भरून आले आणि थोडा रागही आला. ज्याने अद्याप येतो असे म्हटलेले नाही, त्याच्या नावाने फळ्या ठोकणे हा शुद्ध जुलूम आहे. लहानपणी खेळात माझा डाव तूच परस्पर मांडून मोकळी होत असस. ती खोड साठी उलटली तरी गेली नाही.

तुझी वहिनी जाऊन वर्ष होऊन गेले. माझे म्हणशील तर प्रकृती बरी आहे, दृष्टी वाचण्यापुरती आहे आणि दोन वेळचे मी रांधून खातो. एक गोष्ट मात्र तुला म्हणून लिहितो. सकाळचा पाठ म्हणताना माझा एखादा शब्द अडला की ती स्वयंपाकघरातून तो पुरवीत असे. अर्थ तिला ठाऊक नव्हता. जन्मभर ऐकून कानांना पाठ झाले होते. आता शब्द अडला की मी थांबतो, आणि घरही थांबते. मग चष्मा शोधून पोथी उघडावी लागते.

दुसरे असे की, मागच्या सज्जातील ज्या कुंडीत तिचा गुलाब होता आणि तिच्यामागून तोही वाळला, त्या कुंडीत काहीतरी आपण होऊन उगवले आहे. पहिली दोन पाने मधोमध दुभंगलेली होती, ओल्या मातीत वासराचे खूर उमटावे तशी. मागून आलेली पाने हृदयाच्या आकाराची. तण समजून उपटण्यास हात घातला होता, परंतु त्याच दिवशी पाठीत उसण भरली म्हणून ते राहून गेले. आता ते सज्जाच्या गजाला लागले आहे. धरायला त्याला ना काटे, ना ताणे. सगळ्या देहानेच गजाला मिठी मारीत ते वर जाते. हे कोणते झाड, ते तुझ्या शास्त्राला विचारून कळव. तुझ्याकडे येण्याविषयी पुढे लिहीन.

वडीलपणाच्या अधिकाराने लोभ मागत नाही, गृहीत धरतो.

तुझा,
दादा


२२ जुलै

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पाठीला शेक घ्या, आणि त्या उसणीचे माझ्यातर्फे आभार माना, कारण तिच्यामुळे गारवेल वाचली. दुभंगलेली पहिली पाने, हृदयासारखी पुढची, आणि अंगानेच वेढे घेणे. दुसरे काही असूच शकत नाही. एखादे पान देठाशी तोडून पाहा, दुधासारखा चीक येईल. खोडावर बोट वरून खाली फिरवा आणि मग खालून वर फिरवा. एका बाजूने मऊ लागेल, दुसऱ्या बाजूने खरखरीत, कारण तिचे केस खालच्या दिशेला वळलेले असतात. त्यांच्या आधाराने चढलेली वेल घसरत नाही. रताळ्याच्या गोतातली आहे ती. घराणे मोठे, पण ही शाखा रानातच राहिली.

तुम्ही दिलेली बातमी माझ्या कामाचीच निघाली. वनस्पतीसंग्रहालयाने मला निवृत्त केले तरी याच कुळाची चित्रे पुरी करण्यासाठी खिडकीजवळचे टेबल अजून ठेवले आहे. गारवेलीचे सुकवलेले नमुने येथे कपाटभर आहेत, पण तिचे फूल इतके तलम की दाबताना कागदाला चिकटून बसते आणि निळ्याचे मळकट जांभळे होते. जिवंत गारवेल मी कित्येक वर्षांत पाहिलेली नाही. फुलली की रंग नीट निरखून कळवा.

संग्रहालयातली माणसे चांगली आहेत. मला बाई म्हणतात, माझ्या चित्रांची वाहवा करतात आणि पाच वाजले की आपापल्या घरी जातात. दादा, मला धाकटी म्हणणारे माणूस आता जगात एकच उरले आहे, आणि तेही कागदावरून म्हणते. फळ्यांचा राग सोडा. त्यांच्यावर मी काहीच ठेवत नाही. ठेवले तर तुम्ही येणार नाही असे उगाच वाटते. तुमच्या हातचे रांधलेले मी खाल्लेले आहे, म्हणून तर जास्तच काळजी.

आहे तो लोभ वाढता ठेवावा आणि उत्तर थोडे लवकर टाकावे.

तुमची,
धाकटी


॥ श्री ॥
२१ ऑगस्ट

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, विशेष.

गारवेल फुलली. संध्याकाळी कळी पाहावी तर छत्री मिटून पीळ द्यावा तशी आवळलेली. उजाडू लागले की पीळ सुटतो, आणि ऊन सज्जात उतरण्याच्या आत कर्ण्यासारखे पूर्ण फूल उभे. घसा पांढरा. तेथून कडेपर्यंत पाच पट्टे गेलेले, चांदणीच्या टोकांसारखे. रंगाचे विचारलेस. मेघासारखा निळा, असे परमेश्वराचे वर्णन मी जन्मभर वाचले आणि इतरांना शिकवले. तो निळा डोळ्यांनी पाहिला तो या वयात, लोखंडी गजावर.

तुझी वहिनी गेल्यापासून देवापुढे फूल नव्हते. फुले तीच आणीत असे, आणि तिच्यामागे विकत आणावीत असे मला कधी वाटले नाही. आता उजाडता सज्जात जातो, फुले घेतो आणि पाठाला बसतो. दिवसाला आरंभ मिळाला आहे.

खालच्या मजल्यावर घड्याळजी राहतात, तुला ठाऊक आहेतच. तुझी वहिनी ज्यांना टिकटिकराव म्हणत असे ते. ते वर येऊन वेल पाहून गेले आणि म्हणाले की हिचे वेढे उलटे आहेत, घड्याळाच्या विरुद्ध. मी हसण्यावारी नेले, तर त्यांनी शेंड्याकडचे वेढे सोडवून आपल्या मते सुलट गुंडाळून दिले आणि दुरुस्तीचे काही नको असे सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलीने ते सगळे सोडून पुन्हा आपलेच घेतले होते. घड्याळजी खट्टू झाले. परंतु मलाही रुखरुख लागली आहे. देवाला आपण उजवे घालून फिरतो. ज्या वेलीची फुले मी त्याला वाहतो, तीच डावी फिरते, हे कसे?

आता तुझ्या खोलीविषयी. पुष्कळ विचार केला. सकाळी वाटते जावे, दुपारी वाटते हे घर सोडून मी कोठे जाणार. मनुष्याच्या बुद्धीला जेथे तड लागत नाही तेथे ईश्वरावर सोपवावे, म्हणून मी सोपवले आहे. ही वेल कोणी लावली नाही. आपण होऊन तिच्या कुंडीत आली. ती बी धरून याच कुंडीत पुन्हा उगवणार असेल, तर मी समजेन की या घराने मला अजून सोडलेले नाही, आणि येथेच राहीन. बी न धरताच गेली, तर थंडी सरताच तुझ्याकडे कायमचा येईन. हा माझा कौल, आणि हा माझा शब्द.

रागावलीस तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
दादा


३१ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी रुखरुख काढते. तुम्ही उभे राहून वरून पाहता म्हणून वेल डावी दिसते. कुंडीशी खाली बसा आणि मुळाकडून शेंड्याकडे नजर न्या. तीच वेल उजवी फिरताना दिसेल. ती देवाच्या दिशेने पाहत चढते, तुम्ही देवाच्या जागी उभे राहून तिला पाहता, एवढाच फरक. घड्याळजींनाही खाली बसवा, म्हणजे त्यांचीही समजूत पटेल. गुडघ्यांची जबाबदारी माझ्यावर नको.

मेघासारखा निळा हा रंग माझ्या डब्यात मिळत नाही, तरी दोन निळे मिसळून आणि थोडा जांभळा सोडून पाहिला. तुम्ही शेजारी बसून हो किंवा नाही म्हणाला असता तर पाच मिनिटांत जमला असता. आता जमला की नाही हे सांगणारे कोणी नाही, म्हणून जमला असे धरून चालते.

कौलाविषयी काय लिहू? सख्ख्या बहिणीला तुम्ही एका रानवेलीशी शर्यतीला लावले आहे. आणि शर्यत बरोबरीची नाही. गारवेल एका हंगामाची. थंडीबरोबर जाते आणि मागे फक्त बी ठेवते, म्हणून बी धरण्यात ती कसूर करीत नाही. मधमाशी फिरकली नाही तरी तिचे अडत नाही. फूल उमलताना आतले पुंकेसर लांब होत जातात आणि तिचेच पराग तिला लागतात. फूल गळले की मागे वाटाण्याएवढे बोंड धरते. ते पिकून वाळले की आत काळे दाणे, संत्र्याच्या फोडीच्या घडणीचे. बाहेरचे कवच इतके टणक की काही दाणे पहिल्या पावसात उगवतात आणि काही पुढच्या वर्षांसाठी मातीत थांबतात. तेव्हा तुमचा कौल मला आधीच कळलेला आहे. तरी दिलेला शब्द मी परत मागत नाही. तुम्ही शब्दाचे पक्के, हे मला लहानपणापासून महागात पडत आले आहे.

या हरलेल्या बहिणीवर लोभ असू द्यावा.

तुमची,
धाकटी


॥ श्री ॥
२७ सप्टेंबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कुंडीशी बसून पाहिले. वेल उजवी फिरते. उठताना सज्जाच्या गजाला धरून उठावे लागले, पण समाधान झाले. घड्याळजी बसले नाहीत. म्हणाले, घड्याळ कोणी पाठीमागून पाहत नाही.

परंतु एक विपरीत घडते आहे. वेल गजभर पसरली, रोज नवी फुले देते, पाने टवटवीत आहेत, कीड नाही, पाणी वेळेवर आहे. पण बोंड म्हणून एकही धरलेले नाही. प्रत्येक पानाच्या बगलेत भिंग लावून पाहिले. भिंग घड्याळजींचे. तू लिहिलेस की ही कधी कसूर करीत नाही. मग येथेच का? फुलांचे म्हणावे तर एकही वाया गेलेले नाही; उजाडताच एकूण एक फूल देठासकट, जपून, देवापुढे जाते. मागे राहून कोमेजण्याची पाळी मी एकावरही येऊ दिली नाही. इतकी सेवा घडत असता ती निष्फळ का व्हावी, हे कळत नाही.

बी धरावे अशी इच्छा मी करीत नाही, धरू नये अशीही करीत नाही. कौल मागणाऱ्याने इच्छा करू नये. मात्र कारण समजले तर मन स्थिर होईल. तुझे शास्त्र काय म्हणते ते कळव. घर फार शांत आहे. तुझ्या पत्राची घडी उलगडण्याचा आवाज हाच अलीकडे येथला मोठा आवाज.

उत्तरासोबत लोभही पाठवावा.

तुझा,
दादा


५ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. मी बरी आहे. संग्रहालयात रंगकाम चालू आहे म्हणून माझे टेबल तात्पुरते जिन्याखाली हलवले आहे. तेथे उजेड कमी, पण भागते. मागच्या खोलीसाठी हातांची एक खुर्ची पाहून ठेवली आहे. सकाळचे ऊन त्या खोलीत चांगले येते.

बोंडांचे काय ते पुस्तके चाळून लिहीन. सध्या डोळे जरा दुखतात. उशीर झाला तर काळजी करू नये.

लोभ आहेच, तो तसाच असावा.

तुमची,
धाकटी


९ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या पत्राला उत्तर येण्याची वाट न पाहता हे लिहिते. पुस्तके चाळण्यासारखे काही नव्हते. तुमचे पत्र वाचता वाचताच मला कारण कळले होते, आणि कळल्याबरोबर मी पत्र हातात घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तुमचा पलंग कोणत्या भिंतीला लावायचा ते ठरवले. खुर्ची पाहिली ती दुसऱ्या दिवशी. यावरून काय ते ओळखा.

दादा, बोंड धरते ते फुलाच्या तळाशी, निळ्या कर्ण्याच्या खाली, हिरव्या पेल्याच्या आत. तुम्ही फूल देठासकट खुडता, म्हणजे तो तळही तुमच्या हातात येतो. वेल रोज पहाटे बी धरायला निघते आणि तुम्ही रोज पहाटे तिला देवापुढे नेऊन ठेवता. कीड नाही, माती वाईट नाही, आणि ईश्वराचाही यात हात नाही. रोजचा कौल तुम्हीच देत आहात, न कळत, आणि माझ्या बाजूने.

मला फक्त गप्प राहायचे होते. थंडी सरली असती, वेल गेली असती, तुम्ही शब्दाप्रमाणे आला असता, आणि सज्जात काय झाले हे तुम्हांला कोणी कधी सांगितले नसते. मी तसे करूनही पाहिले. पण त्या खोलीत तुम्ही पाठाला बसला आहात अशी कल्पना करू लागले की मला तुमच्या समोर बसता येईना. मला तुम्ही हवे आहात. संध्याकाळी कुलूप उघडून आत जाताना तर इतके हवे आहात की लिहिता येत नाही. पण गैरसमजावर आणलेले नकोत.

थंडीला अजून अवकाश आहे. आजपासून फुले वेलीवरच राहू दिली तर बोंडे पिकतील. पूजा मोडवत नसेल तर एक वाट आहे. निळा कर्णा वरच्या वर अलगद ओढला तर तेवढाच हातात येतो आणि तळ वेलीवर राहतो. ओढताना पराग घासून लागतात ते वेगळेच. तुमच्या शास्त्राला हे चालते का पाहा. मग तुमचा कौल खरा होईल, आणि तो जसा असेल तसा मी मान्य करीन.

खरे सांगितल्यावरही लोभ उरला असेल, तर तो असू द्यावा.

तुमची,
धाकटी


॥ श्री ॥
१६ ऑक्टोबर

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद, विशेष.

दोन्ही पत्रे एकाच दिवशी पावली, आणि मी ती पाठीला पाठ लावून वाचली. जिन्याखालचे टेबल मला पहिल्या पत्रातच पटले नव्हते. तुझे डोळे लहानपणीही खोटे बोलण्याच्या दिवशीच दुखत.

रागावलो नाही. लाजलो. अर्पण करणाऱ्याने आपण काय उचलले हे आधी पाहावे, एवढे मी आयुष्यभर इतरांना शिकवले. फुलासोबत वेलीची पुढची सगळी वर्षे मी रोज तबकात ठेवीत होतो, आणि वर निष्फळ का म्हणून तुलाच विचारीत होतो. कर्णा ओढण्याची तुझी वाट मात्र चालणार नाही. खंडित फूल देवाला वाहू नये. वाहायचे तर पूर्ण, नाहीतर हात जोडून मोकळे व्हावे.

म्हणून काल सकाळी फूल घेतले नाही. सज्जात गेलो, सवयीने हात पुढे झाला, तो मागे घेतला आणि तसाच उभा राहिलो. आत देवापुढचे तबक रिकामे होते, म्हणून आत जाववेना. अखेरीस पाठ तेथेच उभ्याने म्हटला. उन्हे आली. एक मधमाशी एका कर्ण्यात शिरली ती दिसेनाशी झाली, आणि बाहेर आली तेव्हा पाठीवर पांढरी पूड. मी आजवर असे समजत होतो की हे फूल निळे असते आणि मग मलूल होते. कारण खुडलेले फूल माझा पाठ संपेपर्यंत मान टाकी. वेलीवरचे तसे नाही. दिवस वर येतो तसा त्याचा निळा जांभळ्याकडे सरतो, मग त्यात गुलाबी उतरते, आणि दुपारच्या सुमारास कडा आत वळू लागतात, झोपेला आलेल्या मुलाची मूठ मिटावी तशा. तुझ्या कपाटातले मळकट जांभळे हे कागदाचे पाप नव्हे. फुलाची दुपारच ती.

ते गुलाबी उतरताना पाहिले आणि माझ्या तोंडून हाक गेली, अगं, इकडे येऊन पाहा. हाक आतल्या खोल्यांतून फिरून आली. मग मी जिना उतरून घड्याळजींकडे गेलो. त्यांच्यापुढे एक घड्याळ उघडे होते आणि डोळ्याला भिंग होते. म्हणाले, ही कमान बसवली की येतो. आले, बिचारे, धापा टाकीत आले. तोवर सगळी फुले मिटली होती. त्यांनी मिटलेल्या फुलांकडे पाहून छान आहे असे म्हटले. सज्जन माणूस.

नंतर तुला लिहावे म्हणून कागद घेतला, रंग कसा पालटला ते सगळे मनात जुळवले, आणि लेखणी थांबली. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा त्या फुलाचा मागमूसही उरलेला नसेल. वर्षभर मी तुला सगळे असेच सांगत आलो. घडून गेलेले, वाळलेले, कागदात दाबलेले. आणि तूही मला. जे त्या दिवशीचे, ते त्याच दिवशी सांगावे असे माणूस मला उरलेच नाही, असे मी धरून चाललो होतो. ते आहे, आणि गाडीने एका दिवसाच्या अंतरावर एकटेच रंग मिसळत बसले आहे.

तेव्हा बोंड धरण्याची वाट मी पाहणार नाही. उत्तर मनात असून ज्याला ते उच्चारण्याचे धैर्य नसते तोच कौल मागतो, आणि वर त्याला भक्ती म्हणतो. वेलीने बी धरावे, खुशाल धरावे, ते तिच्या कुंडीत पडेल आणि तिला वाटेल तेव्हा उगवेल. पाणी घालण्याचे घड्याळजींनी कबूल केले आहे. वेढे दुरुस्त न करण्याचेही कबूल केले आहे, पण त्याचा भरवसा नाही. पोथ्या उद्या बांधतो. येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो, संध्याकाळी तुझ्या दारात असेन. कुलूप लावून कोठे जाऊ नकोस.

पत्राच्या शेवटी बाकी समक्ष असे आजवर शेकडो वेळा लिहिले, आणि त्यानंतर महिनोन्महिने कोणी समक्ष झाले नाही. आज ते शब्द जपून लिहितो.

बाकी समक्ष.

तुझा,
दादा